मूल जेवत नाहीं!

‘मूल जेवत नाहीं’ हे तीन शब्द ज्या घरांत कधींच उच्चारले गेले नाहींत, असें घर आम्हांस अद्यापि भेटावयाचें आहे. घरांत कोठ्या धान्यानें भरलेल्या असोत, दूधदुभतें असो, रांधणाऱ्या दोन-चार सुगरणी असोत. तीन वर्षांचें पोर ताटाकडे पाठ करून बसलें म्हणजे या साऱ्या वैभवाचा कांहीं उपयोग होत नाहीं. या सदराकडे येणाऱ्या पत्रांतूनही हा प्रश्न निरनिराळ्या स्वरूपांत पुनः पुनः येतो. कोणाचा मुलगा पांढऱ्या भाताशिवाय कशास शिवत नाहीं. कोणाची मुलगी भाजीचे हिरवे तुकडे निवडून ताटाच्या कडेस रांगेनें मांडून ठेवते. तर कोणाच्या घरीं मोबाईलवरील चित्रें सुरू झाल्याविना तोंडच उघडत नाहीं. आजवर आम्ही याचें उत्तर पुढें ढकलीत आलों, कारण या विषयांत उपदेश करण्याचा आमचा अधिकार थोडा आहे. तो थोडा कां, हें ओघानें येईलच. परंतु गेल्या मार्गशीर्षांत सिहोऱ्यास आठ दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथें जें पाहिलें तें वाचकभगिनींस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

सिहोरा हें भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील गांव. मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्यामुळें येथील बाजारांत मराठीबरोबर हिंदीही सर्रास कानीं पडते. जवळच चांदपूरचा मोठा जलाशय आणि तेथील हनुमंताचें देवस्थान. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. मार्गशीर्षांत कापणी आटोपून मळणीची धांदल चाललेली असते, आणि घराघरांत नव्या तांदळाचा वास दरवळत असतो. आमची भाची या गांवीं दिली आहे. सासूसासरे, दीर, जावा, मुलेंबाळें मिळून घरांत बारा माणसें. भाचीची मुलगी साडेतीन वर्षांची. घरांत तिला सारे ‘छोटी’ म्हणतात.

पहिल्याच दिवशीं दुपारीं छोटीचें जेवण पाहिलें. जेवण कसलें, तो एक समारंभच होता. आजीनें चिऊचा घांस आणि काऊचा घांस केला. मोठ्या काकूनें मोबाईल आणून समोर धरला. काकानें ‘चार घांस खा, म्हणजे बिस्किटाचा पुडा’ असा सौदा मांडला. आईनें आधीं आर्जव, मग डोळे वटारणें आणि शेवटीं बागुलबुवा, असे सर्व उपाय करून पाहिले. पाऊण तास लोटला. पोटांत गेले असतील ते सात-आठ घांस, तेही बराच वेळ गालांत धरून ठेवलेले. उरलेला भात गाईपुढें गेला. ताट उचलतां उचलतां सासूबाई सहज बोलून गेल्या, “आमचीं पांच मुलें वाढलीं, पण असला तमाशा नव्हता हो. हिला भरवण्याचें वळणच नाहीं.” बोलण्यांत दुष्टावा नव्हता, परंतु भाचीनें मान खालीं घातली ती वर केली नाहीं. रात्रीं माडीवर आमच्यापाशीं येऊन ती रडली. “मावशी, माझ्या हातांतच कांहीं खोट आहे का ग?” असें तिनें विचारलें, तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं एक काम हातीं घेतलें. छोटी काय खात नाहीं हें सारें घर जाणत होतें. ती काय खाते, हें मात्र कोणीं मोजलें नव्हतें. एका जुन्या वहींत आम्ही तें टिपूं लागलों. सकाळीं उठतांच आईच्या हातून एक पेला दूध. आंघोळीनंतर आजीकडून दुसरा, कारण ‘सकाळपासून पोटांत कांहीं नाहीं.’ दुपारच्या लढाईनंतर काकूकडून तिसरा, ‘निदान दूध तरी जाऊं दे’ म्हणून. चारच्या सुमारास आजोबांच्या बशींतील चहा आणि त्यांत बुडविलेलीं दोन बिस्किटें. निजतांना पुनः एक पेला. प्रत्येकाला वाटे कीं, आज पोरीच्या पोटांत गेलें तें आपणच दिलें तेवढें. बेरीज केली तेव्हां दूध दिवसाकाठीं जवळजवळ लिटरभर भरलें. एकत्र कुटुंबांतील मायेचा हिशेब हा असा असतो : देणारे हात पांच आणि लिहून ठेवणारा एकही नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आणखी एक गोष्ट दृष्टीस पडली. मागच्या पडवींत धानाची ढोली आहे. छोटी तिच्या आड बसून लिंपलेल्या मातीचा पोपडा नखानें काढून खात होती. आम्हांस पाहतांच तिनें मूठ मिटली. तिला उजेडांत आणून खालची पापणी ओढून पाहिली, तों आंत लाली अशी नव्हतीच. घरांत ही गोष्ट सांगितली तेव्हां ‘मुलें माती खातातच, कृष्णानेंही खाल्ली’ म्हणून ती हंसण्यावारीं गेली. पण आम्हीं आग्रह सोडला नाहीं, आणि अखेर भाचीच्या सासऱ्यांनींच पुढाकार घेऊन नातीस तुमसरला डॉक्टरांकडे नेलें. रक्त तपासलें. या वयांत रक्तांतील हिमोग्लोबिन डेसिलिटरमागें निदान ११ ग्रॅम असावें लागतें. छोटीचें ८ च्या आंतबाहेर होतें. डॉक्टरांनीं जंतांचें आणि लोहाचें औषध दिलें, दुधास लगाम घालण्यास सांगितलें, चहा बंद करविला. घरीं आल्यावर सासरे सर्वांदेखत म्हणाले, “पोर हट्टी म्हणून जेवत नाहीं असें नव्हे. तिच्या अंगांत रक्तच कमी आहे. म्हणून तिला भूक नाहीं.” सासूबाई त्यावर कांहीं बोलल्या नाहींत. मात्र त्या रात्रीं सुनेचें पान त्यांनीं स्वतः वाढलें.

यांतील कारणपरंपरा प्रत्येक आईनें, आणि आईपेक्षांही प्रत्येक आजीनें समजून घेण्याजोगी आहे. दूध हें उत्तम अन्न खरें. परंतु त्यांत लोह जवळजवळ नाहींच, आणि इतर अन्नांतील लोह अंगीं लागण्यास तें उलट अडथळा करितें. शिवाय लिटरभर दूध प्यालेल्या लहानशा पोटांत वरणभातास जागा उरणार कोठून? चहांतील तुरट द्रव्य लोहाला बांधून टाकतें. लोह कमी झालें कीं भूक मरते आणि मातीसारख्या अखाद्य वस्तूंची वासना होते. मातीबरोबर जंत पोटांत जातात, आणि जंत उरलेल्या रक्तावर हात मारितात. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे घांस भरवून तें थांबत नाहीं. आणि ही कांहीं एकट्या छोटीची कथा नव्हे. २०१९-२१ सालच्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षें या वयाच्या मुलांपैकीं देशांत शेंकडा ६७ आणि महाराष्ट्रांत शेंकडा ६९ च्या घरांत मुलें रक्तक्षयी आढळलीं. म्हणजे तिघांतलीं दोन! हा केवळ गरिबीचा रोग अशी समजूत करून घेऊन आपण स्वस्थ बसूं नये. आपल्या घरीं ‘गोरीपान’ म्हणून जिचें कौतुक होतें, ती नातही त्या दोघांपैकीं एक असूं शकते.

परंतु प्रत्येक न जेवणारें मूल आजारी असतें असेंही नाहीं. पुष्कळदां मूल पुरेसें खात असतें. अपुरी असते ती आपली समजूत. जन्मतः तीन किलो असलेलें निरोगी मूल वर्षाचें होतांना सुमारें नऊ किलोंचें होतें. त्यानंतर मात्र तें वर्षाकाठीं दोन-अडीच किलोच वाढतें. वाढ मंदावली कीं भूकही मंदावते, आणि नेमकी त्याच वेळीं घरच्या माणसांची काळजी वाढते. याच सुमारास, म्हणजे दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान, मुलांना अनोळखी पदार्थाचें भय वाटूं लागतें. काल आनंदानें खाल्लेली भाजी आज तें थुंकून टाकतें. यास हट्ट म्हणण्यापेक्षां वयाचा धर्म म्हणणें अधिक न्याय्य होईल.

मुलाला स्वतःच्या पोटाची खूण कितपत कळते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेंत डॉक्टर क्लारा डेव्हिस या विदुषींनीं केला होता. नुकतींच अंगावरून तुटलेलीं पंधरा मुलें त्यांनीं आपल्या देखरेखीखालीं ठेवलीं आणि साधे, ताजे असे ३४ पदार्थ निवडून त्यांपैकीं कांहीं प्रत्येक जेवणास त्यांच्यासमोर मांडले. परिचारिकेनें जवळ बसावें, पण मूल बोट दाखवील तेव्हांच चमचा पुढें करावा. ‘हें खा’ म्हणूं नये, ‘तें नको’ म्हणूं नये. १९२८ मध्यें त्यांनीं पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि १९३९ मध्यें सर्व निष्कर्ष मांडले. एकेका जेवणाचा मेळ पाहूं जातां तो विलक्षण होता. पण महिन्यांचा हिशेब पाहतां मुलें उत्तम वाढलीं. मात्र डेव्हिसबाईंनीं स्वतःच बजावून ठेवलें आहे कीं, खरी मेख पदार्थांच्या यादींत होती. त्या यादींत साखर नव्हती, मिठाई नव्हती. निवड मुलाची, पण यादी मोठ्यांची. पुढें तिकडच्याच एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनीं हेंच सूत्र घरगुती भाषेंत मांडलें : काय, केव्हां आणि कोठें वाढावयाचें हें मोठ्यांनीं ठरवावें, खावयाचें कीं नाहीं आणि किती, हें मुलानें ठरवावें.

आतां आमच्या अधिकाराविषयीं. आमचा थोरला मुलगा चार वर्षांचा असतांना पडवळास तोंड लावीना. त्या काळीं ताटांत टाकणें हा मोठा अपराध होता. आम्हीं त्याला दिवेलागणीपर्यंत त्या ताटापुढें बसवून ठेवलें, आणि अखेर नाक दाबून ती भाजी पोटांत घातली. त्यानें ती ओकून टाकली. आज तो चाळिशींत आहे. स्वभावानें सौम्य, आईबापांस मान देणारा. पण पडवळाचा वास येतांच तो अद्यापि पानावरून उठतो, आणि आमच्याकडे पाहण्याचें टाळतो. त्या दिवशीं आम्हीं जिंकलों असें आम्हांस वाटलें होतें. भाचीनें माडीवर तो प्रश्न विचारला तेव्हां आमची वाचा बसली, ती या पडवळापायीं. बळजबरीनें भरविलेल्या अन्नाविषयीं मुलाच्या मनांत अधिकच अप्रीति बसते, हें आतां अनेक प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. आम्हांस तें एका मुलाच्या किंमतीनें कळलें.

डॉक्टरांच्या औषधाबरोबर सिहोऱ्याच्या घरांत आम्हीं सर्वांच्या संमतीनें चार नेम घातले. पहिला नेम : मुलाच्या खाण्याची एकच वही. ती स्वयंपाकघराच्या दाराशीं टांगावी, आणि ज्यानें जें दिलें त्यानें तें तेथें लिहावें. आजोबांनींही. दुसरा : खाण्याच्या वेळा ठराविक. न्याहारी, दुपारचें जेवण, चारचें खाणें आणि रात्रीचें जेवण. मधल्या काळांत पाणी तेवढें. दूध दिवसाला दोन लहान पेले, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आंतच, आणि तेंही जेवणाच्या तोंडावर नाहीं. तिसरा : मुलाचें पान सर्वांच्या पंक्तीस. मोबाईल नाहीं, सौदा नाहीं, धाक नाहीं. अर्ध्या तासानें पान उचलावें; उरलें तर उरलें. चौथा नेम सर्वांत अवघड : मुलानें घांस खाल्ला तर टाळ्या वाजवूं नयेत, न खाल्ला तर सुस्कारा सोडूं नये. हा नेम पाळतांना आजीबाईंना फार कष्ट पडले. दोनदां त्या पदर तोंडास लावून उठून गेल्या.

वाढण्याच्या प्रमाणाविषयीं एक सोपें माप ध्यानांत ठेवावें : वयाच्या प्रत्येक वर्षामागें प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. साडेतीन वर्षांच्या मुलीस साडेतीन चमचे भात आणि तितकेंच वरण पुरे. हवें तर मागून घेईल. भरलेलें ताट पाहूनच लहान मूल दडपतें. नवी भाजी असेल तर एकच चमचा, आणि तोही परिचयाच्या पदार्थाशेजारीं. ती नाकारली तर मुकाट्यानें उचलावी आणि चार दिवसांनीं पुनः वाढावी. आठ-दहा वेळां, कधीं पंधरा वेळां असें केल्यावर मूल ती चाखूं लागतें. आपण बहुधा तिसऱ्या वेळींच ‘हिला आवडत नाहीं’ असा शिक्का मारून मोकळे होतों.

आतां पदार्थांकडे वळूं. यांतील बहुतेक वैदर्भीय घरांत पूर्वापार होत आलेले आहेत. मुलासाठीं निराळा स्वयंपाक करावा असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. सर्वांसाठीं होतो त्यांतूनच, तिखट घालण्यापूर्वीं, मुलाचा वांटा काढावा.

चिकोल्या : तुरीचें वरण पातळसर करून त्यांत लाल भोपळा किंवा दुधी किसून शिजवावा, हिंग, जिरें, कढीलिंब यांची फोडणी, चिंच व किंचित् गूळ घालावा. कणीक घट्ट मळून पोळी लाटावी आणि ती मुलाच्या हातीं द्यावी. पेल्याच्या कडेनें चंद्रकोरी कापाव्या, लहान झांकणानें टिकल्या कापाव्या. उकळत्या वरणांत एकेक सोडून दहा-बारा मिनिटें शिजूं द्याव्या. वर तूप. आपण कापलेला चंद्र मूल ताटांत शोधतें, आणि शोधतां शोधतां भोपळाही पोटांत जातो.

गोळाभात : हरभऱ्याच्या डाळीच्या वाटीभर भरड्यांत हळद, हिंग, ओवा, मीठ, चमचाभर तेल आणि बारीक चिरलेली मेथी किंवा सांभार घालून सुपारीएवढे गोळे वळावे. भात अर्धवट शिजत आला कीं ते वर मांडून झांकण घालावें. वाढतांना गोळा भातांत कुसकरून थोडें फोडणीचें तेल आणि लिंबू. तांदळांत जें प्रथिनद्रव्य उणें असतें तें डाळींत असतें, आणि डाळींतील उणीव तांदूळ भरून काढतो. त्यामुळें ही जोडी मुलाच्या वाढीस फार उपकारक आहे.

धिरडीं : तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ चार-पांच तास भिजवून वाटावी. एके दिवशीं त्यांत किसलेलें गाजर, एके दिवशीं पालक, एके दिवशीं मुनग्याचा कोवळा पाला. लोखंडी तव्यावर बशीएवढीं लहान धिरडीं घालावीं. एकच पीठ, पण रंग तीन. लोखंडी भांड्यांत शिजविलेल्या अन्नांत थोडें लोहही उतरतें, हा वेगळा लाभ.

धोप्याची वडी : पानाची भाजी म्हणतांच पळणारें मूल ही वडी मात्र कुरकुरीत लागते म्हणून खातें. बेसन, चिंच, गूळ, तीळ पानांस लावून गुंडाळी उकडावी आणि काप थोड्या तेलावर परतावे. चिंच भरपूर असावी, म्हणजे पानें घशांत खाजत नाहींत.

चारच्या खाण्यास बिस्किटाऐवजीं लिंबू पिळलेले मऊ पोहे, उकडलेलें रताळें, तलावांतले शिंगाडे उकडून, सोलून, बारीक तुकडे करून, कधीं उकडपेंडी, कधीं भाजलेले तीळ, जवस आणि शेंगदाणे यांच्या कुटाचा, गुळांत वळलेला बोराएवढा लाडू. गुळांत लोह आहे म्हणून गूळ हाच रक्तवृद्धीचा उपाय, असा भ्रम मात्र नसावा, तो चवीपुरताच. हरभऱ्याची कोवळी भाजी, मसूर, मूग, तीळ यांवर भर द्यावा आणि त्यांच्याबरोबर लिंबू, आवळा, पेरू यांपैकीं कांहीं आंबट फळ द्यावें. आंबट फळांतील जीवनसत्त्वामुळें पालेभाजी व कडधान्यांतील लोह अधिक प्रमाणांत अंगीं लागतें. ज्या घरीं अंडें चालतें तेथें तें उकडून द्यावें. चालत नाहीं तेथें डाळींचें प्रमाण वाढवावें. आणि ज्या दिवशीं कांहींच जमलें नाहीं, त्या दिवशीं चिन्नोरचा मऊ भात, मेतकूट आणि लोणकढें तूप. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

दोन सावधगिरीच्या सूचना. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खीं द्राक्षें पांच वर्षांखालील मुलांस देऊं नयेत; श्वासनलिकेंत अडकून जिवावर बेतूं शकतें. दुसरी सूचना या भागापुरती : धानाच्या बांध्यांत निघणाऱ्या लाखोळीच्या डाळीचें दीर्घकाळ अतिसेवन पायांच्या लुळेपणास कारण होतें, म्हणून १९६१ मध्यें तिच्या विक्रीवर सरकारी बंदी घातली गेली होती. मोठ्यांच्या आवडीनिवडीविषयीं आम्ही बोलत नाहीं. लहानांस तूर, मूग आणि हरभरा हेंच बरें.

मुलाच्या हातांस काम द्यावें, हें ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणांत शिकविलें; स्वयंपाकघरांतही तेंच खरें. पोपटाच्या शेंगा सोलणें, मेथी निवडणें, लिंबू पिळणें, ताटांत मीठ वाढणें हीं कामें साडेतीन वर्षांचें मूल आनंदानें करितें, आणि स्वतः सोललेला दाणा तें सहसा टाकीत नाहीं. संगतीचा गुणही मोठा. छोटी अंगणवाडींत मटकीची उसळ खाते असें तेथील सेविकेनें सांगितलें, तेव्हां घरांत कोणाचा विश्वास बसेना! २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत सुरू झालेल्या बालविकास योजनेची ही अंगणवाडी. तेथें ना काऊचा घांस, ना बागुलबुवा. वीस मुलें रांगेनें बसतात, आणि शेजारचा खातो म्हणून आपण खातों, इतकाच तेथील मंत्र. घरच्या पंक्तींत मुलाचें पान मांडण्याचें कारण हेंच.

तथापि कांहीं लक्षणें दिसतांच नेमधर्म बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें : महिनोन्महिने वजन न वाढणें किंवा घटणें, माती अगर खडू खाणें, पापण्या व तळवे पांढुरके होणें, खेळतांना लौकर थकणें, गिळतांना वारंवार ठसका लागणें किंवा ओकारी येणें, आणि एकेक करून पदार्थ सोडीत अखेर चार-पांचांवरच मूल येऊन ठेपणें. यांपैकीं एकही गोष्ट आईच्या हाताच्या चवीची नसते. लोहाचें औषध रक्त सुधारल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवावें. शौचाचा रंग काळसर झाला म्हणून घाबरून बंद करूं नये.

सिहोऱ्याहून निघतांना छोटी जेवूं लागली होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पहिले तीन दिवस तिनें फारच थोडें खाल्लें, आणि चौथ्या रात्रीं आजोबांनीं लपवून बिस्किट दिलें. वहींत मात्र प्रामाणिकपणें लिहिलें. असे नेम आठ दिवसांत फळत नसतात. पण फाल्गुनांत भाचीचें पत्र आलें. दोन महिन्यांनीं रक्त पुनः तपासलें तें साडेदहाच्या वर गेलें आहे, ढोलीकडे ती आतां फिरकत नाहीं, मेथी अजून निवडून ठेवते पण भोपळा खाते, असें तिनें कळविलें आहे. पत्राच्या शेवटीं दोन ओळी आहेत : “परवां चिकोल्या केल्या होत्या. छोटीनें वाटी पुढें करून ‘आजी, अजून’ म्हटलें. आत्याबाईंनीं वाढलें, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘चव तुझ्या हाताची आहे हो.’”

ज्यांच्या घरीं आज दुपारीं एखादें ताट तसेंच उचललें गेलें असेल, त्यांनीं प्रथम एक जुनी वही शोधावी, आणि मुलाच्या आईस दोष देण्यापूर्वीं चार दिवस तिच्यांत सर्वांनीं मिळून लिहावें.